गाय ढेप सोडून कुटार खाते तेव्हा: कार्तिकात व्यालेल्या जनावरांसाठी सल्ला

सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आली, कापसाची वेचणी सुरू झाली. घरातले सगळे हात वावरात गुंतलेले असतात आणि नेमक्या याच दिवसांत गोठ्यात म्हशी-गायी व्यायला लागतात. धुऱ्यावरचं गवत पिवळं पडतं, हिरव्या चाऱ्याची पेंढी रोज लहान होत जाते, सोयाबीनच्या कुटाराचा ढीग मात्र समोरच रचलेला असतो. दुधाळ जनावराला व्याल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात किटोसिस, म्हणजे अंगात साखरेची तूट पडून होणारा आजार, गाठतो, तो अशाच परिस्थितीत.

मागच्या कार्तिकात आमची संकरित जर्सी तिसऱ्यांदा व्याली. पंधरा दिवस बारा लिटर दूध दिलं. सोळाव्या दिवशी सकाळी टोपल्यात भिजवलेली ढेप तशीच राहिली. तिने नाक लावलं, फुंकर मारली आणि मान फिरवून कुटारात तोंड घातलं. आई म्हणाली, ‘कुटार तं खाते नं, मंग काही होत नाही.’ दुसऱ्या दिवशी दूध आठ लिटरवर आलं. शेण घट्ट पडत होतं, त्यावर चिकट चकाकी होती. डेअरीच्या पावतीवर फॅट वाढलेलं दिसलं, म्हणून मीही निश्चिंत राहिलो. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, उतरलंय याकडे लक्षच गेलं नाही. चौथ्या दिवशी धार काढताना तिने तोंड माझ्याकडे वळवलं तेव्हा वास आला: नखाचं पॉलिश पुसायच्या औषधासारखा, थोडासा पिकून उतरलेल्या फळासारखा. तोपर्यंत दोन दिवस आम्ही तिला गूळपाणी पाजत होतो.

गुळाने ती का सुधारली नाही, हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. ते प्रत्येक गोठ्यात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपण गूळ खाल्ला की साखर आतड्यातून सरळ रक्तात जाते. रवंथ करणाऱ्या जनावराचं तसं नाही. गुळाची साखर असो, ज्वारीची पिष्टं असोत की कडब्याचा चोथा, सगळं आधी कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, जातं आणि तिथले कोट्यवधी जंतू ते आंबवून टाकतात. उरतात ती आम्लं: अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. गायीच्या रक्तात आतड्यातून साखर म्हणावी तेवढी येतच नाही. मेडिकलमधून आणलेली ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजली तरी तिची हीच गत होते.

मग गायीला साखर मिळते कुठून? ती स्वतःच बनवते. मुख्यतः यकृतात, थोडी मूत्रपिंडात. कच्चा माल म्हणजे प्रोपिओनिक आम्ल, आणि निम्म्याहून अधिक साखर त्यातूनच तयार होते. बाकीची स्नायूंतल्या आणि चाऱ्यातल्या प्रथिनांच्या अमिनो आम्लांपासून, लॅक्टिक आम्लापासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून. साखर नसलेल्या पदार्थांपासून शरीर साखर तयार करतं ही गोष्ट एकट्या गायीची नाही. १८५० च्या आसपास फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी नुसतं मांस खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर दाखवली होती. आपणही दोन दिवस कडक उपवास केला तर यकृतातला साठा संपतो आणि पुढे आपलं यकृत हेच काम करतं. फरक एवढाच की आपल्याला ते अडीअडचणीला करावं लागतं, गायीला भरल्या पोटीही रोज चोवीस तास करावं लागतं.

आता दुधाचा हिशेब बघा. एक लिटर दूध बनायला कासेला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं, कारण दुधातली साखर त्यातूनच होते. बारा लिटरला झालं पाऊण किलोच्या वर. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं, पण भूक त्या वेगाने वाढत नाही. मधली तूट जनावर अंगातून भरतं. पाठीवरचं मांस उतरतं ते प्रथिनांतून साखर बनवण्यासाठी. चरबीही सुटते, पण चरबीचा फारच थोडा भाग, म्हणजे ग्लिसरॉल, साखर होऊ शकतो. उरलेल्या स्निग्ध आम्लांपासून साखर बनत नाही. ती पूर्ण जाळायला यकृताला जी सामग्री लागते, तीच साखर बनवण्यात संपलेली असते. मग चरबी अर्धवट राहते आणि किटोन तयार होतात. तोंडाला येणारा वास त्यांचाच. अंगातली चरबी दुधातही उतरते म्हणून पावतीवर फॅट वाढतं. व्याल्यानंतर पहिल्या महिन्यात फॅट एकदम चढलं आणि एसएनएफ घसरलं तर आनंद मानू नका, आधी गव्हाण बघा.

गव्हाणीतली खूण सगळ्यात आधी दिसते. जनावर आधी ढेप-भरडा सोडतं, मग हिरवा चारा, आणि कोरडं कुटार किंवा तणस शेवटपर्यंत चघळत राहतं. काही गायी भिंत, दावं, स्वतःचं अंग चाटत सुटतात, गोल फिरतात, हंबरतात. ते पिसाळणं नाही, पण पिसाळल्याचा संशय आला तर तोंडात हात न घालता डॉक्टरांची वाट बघा. व्याल्यापासून पहिल्या तीन दिवसांत गाय बसली, कान गार पडले, मान पोटाकडे वळली तर तो बहुधा दूधज्वर, म्हणजे कॅल्शियमची कमतरता. त्याचा उपचार वेगळा असतो आणि त्यात एक तासही घालवू नये.

मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारी किटोनची लघवी तपासायची पट्टी गायीच्या लघवीतही चालते. रंग गुलाबीकडून जांभळा होत गेला की समजा. लवकर कळलं तर दूधही लवकर परत येतं.

उपचाराबद्दल स्पष्ट लिहितो. शिरेतून ग्लुकोजची बाटली लावली की गाय तासाभरात तरतरीत दिसते, आणि संध्याकाळी पुन्हा तशीच होते. ती साखर दोन-चार तासांत संपते. म्हणून बाटलीसोबत तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल लागतं. ते कोटीपोटात सगळं आंबत नाही, यकृतात जाऊन साखर होतं. मोठ्या गायीला साधारण ३०० मिली रोज, तीन ते पाच दिवस; नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतील. ते न मिळाल्यास ग्लिसरीन. गाडीच्या कुलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विष. नाव सारखं वाटतं म्हणून चुकू नका. पाजताना गाय उभी हवी, मान फार वर ओढायची नाही, थोडं थोडं गिळू द्यायचं. ठसका लागून औषध फुफ्फुसात गेलं तर किटोसिस परवडला असं होतं. डॉक्टर व्हिटॅमिन बी-१२ चं इंजेक्शनही देतात, कारण प्रोपिओनिकपासून साखर बनवायला ते लागतंच. ते कोटीपोटातले जंतू कोबाल्टपासून तयार करतात, म्हणून रोजचं ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. स्टेरॉईडचं इंजेक्शन स्वतःहून कधीच देऊ नका. गाभण जनावर त्याने गाभडू शकतं.

पण खरं काम व्यायच्या आधीच असतं. कुटार आणि तणसातून मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्ल बनतं, त्यापासून साखर होत नाही. ढेप प्रथिनं देते, पण ढेपेवरच भिस्त ठेवली तर तीच प्रथिनं साखरेसाठी खर्च होतात. प्रोपिओनिक जास्त देणारं खाद्य म्हणजे मका-ज्वारीचा भरडा. म्हणून व्यायच्या तीन आठवडे आधीपासून एक-दीड किलो आंबोण, म्हणजे भरडा-ढेपेचं मिश्रण, सुरू करा आणि व्याल्यावर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो वाढवा. एकदम भरडा वाढवला तर कोटीपोट आंबून पोटच बंद पडतं. मिश्रण साधं ठेवा: ३५ टक्के मका किंवा ज्वारीचा भरडा, ३० टक्के सरकी ढेप, ३२ टक्के तूर चुनी आणि गव्हाचा कोंडा मिळून, २ टक्के खनिज मिश्रण, १ टक्का मीठ. पोटापुरतं दीड किलो, वर गायीला अडीच लिटरमागे आणि म्हशीला दोन लिटरमागे एक किलो. भाकड काळात जनावर फार लठ्ठ करू नका. ज्या गायीच्या अंगावर व्याताना चरबी जास्त, तिलाच हा आजार लवकर होतो. मुरघास उघडल्यावर सडक्या लोण्यासारखा वास आला तर त्यात ब्युटिरिक आम्ल वाढलेलं असतं, ते नुकत्या व्यालेल्या जनावराला घालू नका. व्याल्यावर कण्या शिजवून चवीला गूळ घालायची आपली पद्धत आहे, ती सोडायची गरज नाही. फक्त तिला औषध समजू नये.

हिरव्यासाठी आता हाताशी वेळ आहे. विहिरीला पाणी असेल तर या पंधरवड्यात बरसीम टाका, पहिली कापणी साधारण पन्नास दिवसांत मिळते.

शेळ्यांचंही बघून ठेवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला फळलेल्या बेरारी शेळ्या आता व्यायला आल्यात. पोटात दोन-तीन करडं असतील तर शेवटच्या सहा आठवड्यांत तीच साखरेची तूट पडते, फक्त इथे दुधामुळे नाही, करडांमुळे. पोट करडांनी भरल्याने चाऱ्याला जागाच उरत नाही. शेळी कळपामागे राहते, डोकं भिंतीला टेकवते, दिसेनासं झाल्यासारखी वागते. गायीपेक्षा शेळी याने लवकर दगावते, म्हणून रोज २५० ग्रॅम भरडा दोन वेळा विभागून आधीपासूनच द्या. जन्मलेल्या करडाच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो, तेव्हा पहिल्या तासात चीक आणि थंडीत गोणपाट.

वावरातून उशिरा परतलात तरी झोपायच्या आधी बॅटरी घेऊन एकदा गव्हाणीत नजर टाका. ढेप शिल्लक आणि कुटार संपलेलं दिसलं तर सकाळची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतीसाठी असलेल्या १९६२ क्रमांकावर फोन लावा.