मॅक्स रेंगाळतंय? आधी प्लॅन बघा

वाशी मार्केटमधल्या एका कांदा-बटाटा व्यापाऱ्याचं आवकेचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. डेटाबेस पोस्टग्रेस. 'आवक' टेबलात दर वजनाची एक ओळ: गाळा, वेळ, वजन.

'वेळ'वर साधा बी-ट्री इंडेक्स असला की 'सिलेक्ट मॅक्स(वेळ) फ्रॉम आवक' साठी, म्हणजे सगळ्यात अलीकडची वेळ काढायला, अख्खं टेबल चाळावं लागत नाही. इंडेक्स मुळातच क्रमाने लावलेला असतो. शेवटच्या टोकाची नोंद उचलली की काम झालं. क्वेरीआधी एक्स्प्लेन लावा (डेटाबेस ती कशी चालवणार तो प्लॅन दाखवणारी कमांड), 'लिमिट'खाली 'इंडेक्स ओन्ली स्कॅन बॅकवर्ड' दिसेल. सोबत 'वेळ इज नॉट नल' ही अटही दिसेल. ती प्लॅनरने (प्लॅन ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या भागाने) स्वतःहून घातलेली, कारण नल, म्हणजे रिकाम्या नोंदी, शेवटी बसतात आणि मॅक्सला ते चालत नाहीत. २००५ च्या ८.१ आवृत्तीआधी हे आपोआप होत नसे, लोक 'ऑर्डर बाय वेळ डेस्क लिमिट १' (उतरत्या क्रमाने लावून पहिली ओळ) लिहीत. जुन्या कोडमध्ये ते दिसलं तर तिथे नल गाळलेत का बघा. उतरत्या क्रमात नल सगळ्यात आधी येतात.

खरी गोची 'व्हेअर गाळा = १४' जोडल्यावर होते. इंडेक्स फक्त वेळेवर असेल तर प्लॅनर बरेचदा तोच उलटा धरतो आणि चौदा नंबर भेटेपर्यंत एकेक ओळ टाकत मागे जातो. त्याच्या हिशेबात प्रत्येक गाळ्याच्या ओळी टेबलभर सारख्या पसरलेल्या असतात. तो गाळा दिवाळीपासून बंद असेल तर? दिवाळीनंतरची सगळी आवक तुडवत जायचं! एक्स्प्लेन ॲनालाइझमध्ये (हा क्वेरी खरोखर चालवून आकडे देतो) 'रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर', म्हणजे वाचून टाकून दिलेल्या ओळींचा आकडा बघा, तिथेच चोर सापडतो.

उपाय एकच: 'क्रिएट इंडेक्स ऑन आवक (गाळा, वेळ)'. क्रम हाच ठेवा. बरोबरीची अट ज्या कॉलमवर, तो आधी.

प्रत्येक गाळ्याची शेवटची वेळ हवी असेल तर मी 'ग्रुप बाय' टाळते, कारण पोस्टग्रेस त्यासाठी सगळ्या नोंदी वाचतो. त्याऐवजी छोट्या 'गाळे' टेबलातून प्रत्येक गाळ्यासाठी मॅक्सची सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) लावायची, म्हणजे इंडेक्समध्ये एका गाळ्यावरून थेट पुढच्या गाळ्यावर उडी. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसला अशा उड्या स्वतःहून मारता येतात. प्लॅनमध्ये 'युजिंग इंडेक्स फॉर ग्रुप-बाय' दिसलं की समजायचं.

वजनकाट्याजवळच्या टॅबलेटवर मात्र एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे. तिथे मिन आणि मॅक्स एकाच सिलेक्टमध्ये मागितले की इंडेक्सचं टोक उचलण्याची सोय गेलीच, पूर्ण स्कॅन होतो. दोन वेगळ्या सबक्वेरी करा. पोस्टग्रेसला दोन्ही एकत्र दिले तरी फरक पडत नाही.