खानावळीचा तांदूळ गंगावतीहून आणायचा तर

सोलापुरात माझी खानावळ आहे आणि तांदूळ मी गंगावतीहून आणते. तिकडे नेमकं काय बघायचं, असं ओळखीच्या मेसवाल्या सारख्या विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

गंगावती कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात. विजयपूर, इलकल, कुष्टगी करत जायचं. कनकगिरी मागे पडून कोरडं रान संपलं आणि भाताची खाचरं लागली, की तुंगभद्रेच्या डाव्या कालव्याचा भाग आला म्हणून समजा. गंगावती, शेजारचं श्रीरामनगर, पुढे कारटगी, सगळीकडे राइस मिलच. बोलणं कन्नडमध्ये नाहीतर तेलुगूत. आंध्रातून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांचे ‘कॅम्प’ इथे पुष्कळ. हिंदीवर भागतं. तरी ‘हळे अक्की’ म्हणजे जुना आणि ‘होस अक्की’ म्हणजे नवा, एवढं पाठ करून जा.

जायचं कधी, ते तुंगभद्रा धरणाच्या पाण्यावर. कालव्याला साधारण जुलैत पाणी सुटतं, तो भात नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो. धरणात पाणी उरलं तर दुसरं पीक, एप्रिल-मेमध्ये. 2024च्या ऑगस्टमध्ये धरणाचा 19 नंबरचा दरवाजा वाहून गेला, तेव्हा आमच्यासारख्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. उन्हाळी भाताला वाळताना तडे जातात, भरडताना कणी जास्त पडते. म्हणून मी पावसाळी पिकाचाच घेते. जानेवारीत दर बरा मिळतो, पण तांदूळ नवा असतो. घरात सहा महिने ठेवायला जागा असेल तरच तेव्हा जा.

पोत्यावरच्या नावाला भुलू नका. ‘सोना मसुरी’ छापलेल्या पोत्यात बीपीटी 5204 हे वाण निघेल, आरएनआर 15048 पण निघेल. वाण कुठला, पीक कुठलं, कच्चा की स्टीम, म्हणजे वाफवलेला, हे तिन्ही विचारा. स्टीमचा दाणा किंचित पिवळसर, भात मोकळा होतो. पंगतीला तोच बरा. वरणभाताला मात्र मला कच्चाच आवडतो.

नमुना दुकानातल्या ताटलीतला घेऊ नका. थप्पीच्या मधलं पोतं दाखवून त्यात पोकळ सळई खुपसायला सांगा. मूठभर तळहातावर घासा: पांढरी भुकटी फार लागली तर कोंडा नीट झाडलेला नाही. दाणा दाताखाली धरा. जुना कट्‌कन तुटतो, नवा जरा दबतो. आणि पैसे द्यायच्या आधी वाटीभर शिजवून बघाच. मिलजवळच्या खानावळीत थोडे पैसे दिले की शिजवून देतात. भात उतरल्यावर लगेच नाही, तासाभरानं बघा; आपल्याकडे पोरं दीड वाजता जेवतात, तेव्हा गोळा झालेला चालत नाही.

दराचा हिशेब किलोवर करा. 2022च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगवर 5 टक्के जीएसटी लागला आणि तो टाळायला 26 किलोची पोती निघाली. दोन मिलचे दर पोत्यावर ताडून पाहिलेत तर फसाल.

चार मेसवाल्या मिळून गाडी केली तर भाडं परवडतं. घरी आल्यावर पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. प्रत्येक पोत्यावर आणल्याचा महिना खडूनं लिहा, आणि जुनं आधी काढा.