सत्तर-ऐंशी हजारांचा फोन निवडताना: नाशिककरांसाठी तुलनेची एक पद्धत

महागड्या फोनांची तुलना करताना बहुतेक जण ज्या गोष्टींपासून सुरुवात करतात, त्या गोष्टींत हे सगळेच फोन उत्तीर्ण असतात. व्हॉट्सअ‍ॅप किती पटकन उघडते, यूपीआयचे पैसे किती लवकर जातात, भर दिवसा काढलेला फोटो कसा येतो, या बाबतीत या श्रेणीतल्या कोणत्याही दोन फोनांत रोजच्या वापरात जाणवेल असा फरक आता उरलेला नाही. आणि तरीही शोरूमच्या गार हवेत, काउंटरवर उभे राहून, नेमकी हीच परीक्षा घेतली जाते. जिथे सगळे पास होतात तिथे वेळ घालवू नये आणि ऊन, ओल, सिमकार्डे, आपली बोटे आणि वापराची वर्षे यांपाशी फोन कुठे अडतो ते तपासावे, असे माझे ठाम मत आहे. पुढची सारी पद्धत त्यावरच आधारलेली आहे.

उदाहरणासाठी २०२५ मध्ये भारतात आलेले चार फोन घेऊ. जानेवारीत आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस२५ ची सुरुवातीची किंमत ८०,९९९ रुपये आणि वनप्लस १३ ची ६९,९९९ रुपये होती. ऑगस्टमध्ये गूगल पिक्सेल १० हा ७९,९९९ रुपयांना आणि सप्टेंबरमध्ये आयफोन १७ हा ८२,९०० रुपयांना आला. या चारही किमती २५६ जीबी साठवणुकीच्या मॉडेलच्या आहेत. तुलना नेहमी समान साठवणुकीचीच करावी, कारण यांपैकी एकाही फोनमध्ये मेमरी कार्डाची सोय नाही आणि १२८ जीबीचा फोन स्वस्त दिसला तरी लग्नसराईचे दोन मोसम उलटेपर्यंत तो व्हिडिओंनी भरून जातो.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या एका दिवसाची नोंद कागदावर करावी. फोन उन्हात किती वेळ असतो, चार्जिंगला कधी आणि कुठे लागतो, बोलणे किती, फोटो कशाचे आणि ते कोणाला पाठवायचे, एवढे लिहिले तरी पुरते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारा नोकरदार आणि कॉलेज रोडवर क्लास घेणारी शिक्षिका यांचे कागद इतके वेगळे निघतील की चौघांना एकच फोन सुचवणे हा अन्याय ठरेल.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा उन्हाची आहे. जाहिरातीत पडद्याच्या उजेडाचे आकडे हजारो निट्सचे (निट हे उजेड मोजण्याचे एकक) असतात. परंतु ते कमाल आकडे पडद्याच्या लहानशा भागासाठी आणि थोड्या वेळासाठी असतात, शिवाय प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी असल्यामुळे ते एकमेकांशेजारी ठेवून फारसा बोध होत नाही. फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो, प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि चार्जिंग थांबवतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे अ‍ॅपल सांगते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून ज्याच्याकडे तो फोन आधीपासून आहे अशा नातेवाइकाला किंवा सहकाऱ्याला विनंती करून दुपारी सावलीबाहेर उभे राहावे, नकाशा चालू ठेवावा, मोबाइल डेटावर एक व्हिडिओ कॉल करावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पडदा किती मंद झाला ते पाहावे. दोन फोन शेजारी धरता आले तर फारच उत्तम, कारण मंदपणा एकट्या फोनवर लक्षात येत नाही. डोळा त्याला सरावतो. ही परीक्षा कव्हर घालूनच घ्यावी, कारण फोन आपण कव्हरसह वापरणार आहोत आणि जाड रबरी कव्हर उष्णता धरून ठेवते.

याच संदर्भात दुचाकीस्वारांसाठी एक सूचना. फोन हँडलच्या स्टँडला लावून रोज गाडी चालवण्याची सवय असेल तर ती मोडावी. जास्त क्षमतेच्या मोटारसायकल इंजिनांच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. भिंगाला सूक्ष्मपणे हलवणारी अशी यंत्रणा इतर कंपन्यांच्या महाग फोनांतही असते, त्यामुळे माझ्या मते ही काळजी सर्वांनीच घ्यावी.

पावसाचे गणित वेगळे आहे. धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचे आयपी६८ हे मानांकन चारही फोनांना आहे, त्यामुळे ते पाहून निवड होत नाही. त्यातून फोन इगतपुरीच्या पावसात टिकण्याची शक्यता वाढते, पण पाणी शिरल्यास सर्वसाधारण वॉरंटी तो खर्च देत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. खरी अडचण ओल्या बोटांची होते. पडद्यावर थेंब असताना स्पर्श भलतीकडे लागतो, आणि यासाठी वनप्लस १३ मध्ये खास सोय केलेली आहे. गॅलेक्सी, पिक्सेल आणि वनप्लस या तिन्हींत ध्वनिलहरींवर चालणारा ठसा-वाचक आहे, जो दमट बोटालाही जुन्या, प्रकाशावर चालणाऱ्या वाचकांपेक्षा बरा प्रतिसाद देतो. आयफोन मात्र चेहराच ओळखतो. छाटणी करून किंवा यंत्रावर काम करून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांना आधार केंद्रावर होणारा त्रास फोनवरही होतो, आणि अशा माणसाला चेहरा ओळखणारा फोन मनापासून सुचवावा असे मला वाटते. याउलट दिवसभर हेल्मेट घालून फिरणाऱ्याला ठसाच सोयीचा.

सिमकार्डांचा प्रश्न दुकानात फारसा कोणी काढत नाही, पण घरी आल्यावर पहिल्या तासात तोच उभा राहतो. गॅलेक्सी एस२५ आणि वनप्लस १३ यांत दोन प्रत्यक्ष सिमकार्डे बसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ आणि पिक्सेल १० मध्ये एकच बसते, त्यामुळे दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या, कार्डाविना चालणाऱ्या सिमवर न्यावा लागतो. ई-सिम वाईट नाही. मात्र फोन बिघडला तर कार्ड काढून जुन्या फोनमध्ये टाकण्याची सोय उरत नाही, आणि हंगामात रोज व्यापाऱ्यांचे फोन घेणाऱ्या कांदा उत्पादकाला अर्धा दिवस नंबर बंद राहणे परवडत नाही. अमेरिकेतील भाच्याकडून फोन मागवण्याचा विचार असेल तर तिकडच्या आयफोनांना चौदाव्या पिढीपासून सिमची खाचच नसते, हेही लक्षात घ्यावे.

कॅमेऱ्यात मेगापिक्सेल मोजू नयेत, भिंगे मोजावीत. लांबचे जवळ आणणारे वेगळे भिंग गॅलेक्सी एस२५ आणि वनप्लस १३ मध्ये तिप्पट, तर पिक्सेल १० मध्ये पाचपट क्षमतेचे आहे; आयफोन १७ मध्ये ते नाही. मुलांच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसणाऱ्या पालकांना हा फरक पहिल्याच फोटोत कळेल. जवळच्या फोटोंत चित्र पालटते. द्राक्षाच्या पानावर डाऊनी (केवडा) रोगाची शंका आली की बागायतदार पान उलटे करून मागचा पांढरा थर सल्लागाराला पाठवतो, आणि तो थर कापसासारखा तंतुमय आहे की नुसता फवारणीचा डाग आहे, हे ओळखता यावे लागते. आयफोन १७ आणि वनप्लस १३ यांच्या विस्तृत कोनाच्या भिंगाचा फोकस बदलता येत असल्याने ते पानाच्या अगदी जवळ जाऊ शकतात. गॅलेक्सी एस२५ च्या त्याच भिंगाचा फोकस ठरावीक असल्याने तिथे थोडे मागे सरून मुख्य कॅमेऱ्याने फोटो काढावा लागतो. ज्याला ही गरज आहे त्याने खिशात एखादे पान घेऊनच फोन बघायला जावे.

अंधारातील परीक्षेसाठी गोदाघाटासारखी जागा शोधून सापडणार नाही. संध्याकाळी रामकुंडावर आरतीच्या वेळी ज्योती प्रखर असतात, चेहरे अर्धवट उजळलेले असतात, पाणी काळे असते आणि सगळे हलत असते. एकाच जागेवरून दोन फोनांनी फोटो काढावेत आणि मोठे करून पाहावेत: ज्योतीचा आकार टिकला आहे की नुसता पांढरा ठिपका झाला आहे, आणि हलणारा हात फाटला आहे की ओळखू येतो. त्वचेचा रंगही इथेच तपासावा. उगाच गोरे केलेले चेहरे मला तरी खटकतात.

वजन आणि बॅटरी यांची निवड एकत्र करावी, कारण एकासाठी दुसरे सोडावे लागते. गॅलेक्सी एस२५ हा १६२ ग्रॅमचा असून त्यात ४,००० एमएएच बॅटरी आहे. वनप्लस १३ मध्ये ६,००० एमएएच आहे, पण तो २१० ग्रॅमच्या आसपास जातो. वनप्लससोबत १०० वॉटचा चार्जर खोक्यातच मिळतो, इतर तिघांसोबत फक्त केबल येते. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरून रात्री परतणाऱ्याने बॅटरीला प्राधान्य द्यावे, कारण कसारा घाटातील बोगद्यांत रेंज येत-जात राहते आणि नेटवर्क शोधण्यात फोनची बॅटरी जास्त खर्च होते. मनगट किंवा अंगठा दुखणाऱ्या ज्येष्ठांना मात्र हलका फोनच द्यावा. त्यांचा फोन बहुतेक वेळ घरातल्या चार्जरजवळच असतो.

आता पैशांकडे वळू. किंमत, चार्जर, कव्हर आणि मध्ये एकदा बदलावी लागणारी बॅटरी यांची बेरीज करावी, त्यातून शेवटी मिळू शकणारी विक्रीची रक्कम वजा करावी आणि उरलेल्या आकड्याला वापराच्या महिन्यांनी भागावे. समजा, ८०,००० चा फोन दोन वर्षांनी ४०,००० ला विकला, तर दरमहा सुमारे १,६६७ रुपये पडले. ७०,००० चा फोन पाच वर्षे वापरून, मध्ये बॅटरीवर ५,००० खर्चून, शेवटी १०,००० ला दिला, तर दरमहा सुमारे १,०८३ रुपये पडतात. म्हणजे खर्च सर्वाधिक बदलतो तो आपण फोन किती काळ ठेवतो यामुळे, आणि म्हणूनच अपडेटची मुदत महत्त्वाची. सॅमसंग आणि गूगल यांनी या फोनांना सात वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत. वनप्लस १३ ला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षांचे सुरक्षा अपडेट आहेत. अ‍ॅपलच्या बाबतीत मागचा अनुभव बोलका आहे: २०१९ च्या आयफोन ११ लाही २०२५ ची आयओएस २६ मिळाली. बँकेचे व्यवहार फोनवर करणाऱ्याने सुरक्षा अपडेट संपलेला फोन वापरू नये, या मताशी मी तडजोड करत नाही.

क्रेडिट कार्डावरील नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी पडते. तेव्हा एकरकमी किमतीशी एकूण रक्कम ताडून पाहावी. घाई नसेल तर नवीन पिढी येण्याची वाट पाहणेही फायद्याचे ठरते. ७९,९०० रुपयांना आलेला आयफोन १६ हा आयफोन १७ येताच अधिकृतपणे ६९,९०० वर उतरला. तरी त्याच्या पडद्याचा चित्र बदलण्याचा वेग ६० हर्ट्‌झचा, तर १७ चा १२० हर्ट्‌झचा आहे, हे पाहून मगच ठरवावे.

खरेदी महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातून असो वा ऑनलाइन, पक्के जीएसटी बिल घ्यावे. व्यवसायाची नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. खोके आपल्यासमोर उघडायला लावावे, *#०६# डायल करून दिसणारे आयएमईआय (फोनचे ओळख) क्रमांक खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकांशी जुळवावेत, आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये देत असल्यास तो काउंटरवर ठेवण्याआधी त्यातील गूगल किंवा अ‍ॅपल खाते काढून, सर्व माहिती पुसून, दोन्ही सिमकार्डे हातात घ्यावीत.