रॉड बिघडलाय की वायरिंग? व्होल्ट आणि अँपिअरवरून शोधायची रीत

डिसेंबरात शेजारच्या काकूंनी हाक मारली. "रॉड गेला रे. बादलीभर पाण्याला अर्धा तास लागतोय. बाजारातून नवीन आणतोस का?" म्हटलं, "काकू, आधी मोजून बघतो, मग पैसे घाला."

वायरमनचं काम करताना मी एक सवय सोडलेली नाही: वस्तू बदलायच्या आधी दोन आकडे घ्यायचे. व्होल्ट, म्हणजे विजेचा दाब, आणि अँपिअर, म्हणजे वाहणारा करंट. बाकीचं सगळं या दोघांतूनच निघतं.

व्होल्टेज घ्यायचं ते वस्तू चालू असताना. रॉड बादलीत, स्विच चालू, आणि त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरचे प्रोब, मीटर एसी व्होल्टवर. रॉड बंद असताना घेतलेला आकडा इथे कामाचा नाही, कारण करंट वाहत नसेल तर वाटेतला दोष दिसतच नाही.

करंटसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर. त्याचा जबडा एकाच वायरीभोवती बसला पाहिजे. पूर्ण केबलभोवती लावलात तर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून मी हातभर लांबीची एक एक्स्टेन्शन बनवून ठेवलीय. तिचं बाहेरचं आवरण वीतभर काढून तिन्ही वायरी सुट्या केल्यात. प्रत्येकीचं आतलं इन्सुलेशन मात्र शाबूत आहे. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून प्रोब सॉकेटमध्ये कधीही घालू नका. ते सरळ शॉर्ट सर्किट होतं आणि मीटर हातात फुटू शकतो. पाण्याला हात लावायचा तर आधी प्लग बाहेर.

काकूंकडे आकडे आले १९१ व्होल्ट आणि ५.४ अँपिअर.

रोध, म्हणजे वस्तू करंटला किती अडवते ते, निघतो व्होल्ट भागिले अँपिअर करून. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेला हा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. १९१ ÷ ५.४ = ३५.४ ओहम. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १९१ × ५.४ = १०३१ वॅट.

आता रॉडवर छापलंय २३० व्होल्ट, १५०० वॅट. छापील आकड्यांवरून रोध काढायचा तर व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. मोजलेला ३५.४, छापील ३५.३. म्हणजे रॉड ठणठणीत! आतली तापणारी कॉइल तीच आहे, तिला व्होल्टेज पुरत नाही. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ वर न्यायला १५०० वॅटला साधारण १९ मिनिटं लागतात, १०३१ वॅटला २७. काकूंचा "अर्धा तास" बरोबर होता.

मग व्होल्टेज कुठे मुरतंय? रॉड चालूच ठेवून मी वीजमीटरजवळच्या सॉकेटवर मोजलं. २०८ व्होल्ट. बाहेरूनच कमी येत होतं, पण त्यापुढेही १७ व्होल्ट घरातच हरवत होते. तेच दोन हिशेब इथे लावा: १७ ÷ ५.४ = ३.१ ओहम आणि १७ × ५.४ = ९२ वॅट. पाण्याच्या वाट्याचे ९२ वॅट भिंतीत तापत होते. पंधरा मीटर अंतर, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन तीस मीटर. तिचा रोध जेमतेम अर्धा ओहम. उरलेले अडीच ओहम कुठल्यातरी सैल जॉइंटचेच असणार.

मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, वाटेतला जंक्शन बॉक्स उघडला. टेप जळून काळी झालेली, वायरीचं प्लॅस्टिक कडक होऊन चुरा होत होतं. पाऊणशे वॅटच्या बल्बाइतकी उष्णता त्या चिमूटभर जागेत कोंडली होती, आणि वर लाकडाचा माळा. काकूंना ते टोक दाखवलं, तेव्हा त्या मटकन खालीच बसल्या. नवा रॉड आणला असता तर याचा पत्ताच लागला नसता. हे काम मात्र वायरमनलाच करू द्या.

हा हिशेब रॉड, गीझर, शेगडी, इस्त्री यांना चोख लागतो. जुन्या पिवळ्या बल्बाला जरा सांभाळून: १०० वॅटच्या बल्बाचा पेटलेला रोध ५२९ ओहम, पण थंड असताना मीटरवर चाळीसच्या आसपास दिसतो, कारण तापली की तार जास्त अडवते. मोटारीला तर हा हिशेब लावूच नका. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, पॉवर फॅक्टरनेही (या गुणाकारातला किती भाग खरी शक्ती आहे, तो आकडा) गुणावं लागतं. शिवाय व्होल्टेज पडलं की रॉडचा करंट कमी होतो, भरल्या लोडवरच्या पंपाचा उलट वाढतो, आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळतं.

भाजलेला भाग कापला, नवीन कनेक्टर घट्ट बसवला आणि रॉड पुन्हा लावला. सॉकेटवर २०५ व्होल्ट, ५.८ अँपिअर, म्हणजे ११८९ वॅट. दोन्ही आकडे मी तारखेसह पेन्सिलीने बोर्डाच्या कडेला लिहून आलोय, पुढच्या थंडीत ताडून बघायला.