सुरक्षा-दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आपोआप कशी न्यावी

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या हार्टब्लीड या सुरक्षादोषाची दुरुस्ती तिच्या १.०.१जी आवृत्तीत आली, तेव्हा डेबियन या लिनक्स प्रकल्पाने आपल्या स्थिर वितरणातली १.०.१ई हीच आवृत्ती कायम ठेवून तीत ती दुरुस्ती बसवली. हे काम स्क्रिप्टकडे सोपवायचे असेल, तर दोष कोणत्या कमिटमुळे (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलामुळे) शिरला ते आधी नक्की करावे. लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्तीच्या संदेशात ‘फिक्सेस’ ही ओळ याचसाठी लिहितात. जुन्या शाखेत (जुन्या आवृत्तीच्या कोडमध्ये) तो कमिट कोणत्याही रूपात नसेल, तर तिला हात लावू नये. उरलेल्या शाखांवर कोडचा इतिहास राखणाऱ्या गिटची चेरी-पिक ही निवडक कमिट उचलून आणणारी आज्ञा ‘एक्स’ पर्यायासह चालवावी, म्हणजे मूळ कमिटची ओळख संदेशात राहते. कॉन्फ्लिक्ट आल्यास, म्हणजे बदल जुन्या कोडशी जुळला नाही तर, स्क्रिप्टने थांबून माणसाला कळवावे.

खरा धोका मात्र विनातक्रार बसलेल्या दुरुस्तीत असतो, कारण तिने बोलावलेले फंक्शन जुन्या शाखेत त्याच नावाने पण वेगळ्या वागणुकीचे असू शकते आणि कंपायलरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून दोष दाखवणारी चाचणीही सोबत न्यावी. ती दुरुस्तीआधी नापास आणि नंतर उत्तीर्ण झाली, तरच बदल शाखेत मर्ज (विलीन) करावा. केवळ आवृत्ती-क्रमांक पाहणारे स्कॅनर असे पॅकेज तरीही सदोष ठरवतात, यास्तव बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक (त्या दोषाचा सार्वजनिक ओळख-क्रमांक) अवश्य लिहावा.