अन्नजाळं काढून बघा, धक्का कुठे बसेल ते दिसतं

परिसंस्था धक्का सोसेल का हे बघायला बरेच जण आधी प्रजाती मोजतात, यादी लांब असली की सगळं ठीक असं धरून चालतात. मला ते पटत नाही. कोण कोणाला खातंय, किती खातंय आणि तेच काम करणारं दुसरं कोणी आहे का, हे आधी बघा, म्हणजेच अन्नजाळं बघा, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

जागा छोटी घ्या, एखादं तळं किंवा ओढ्याचा एक तुकडा. प्रत्येक प्रजातीला एक ठिपका, आणि बाण खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढायचा, कारण ऊर्जा तशी जाते. कुजका पाला, मेलेले जीव आणि त्यावर जगणारी बुरशी, बॅक्टेरिया, किडे यांना प्लीज विसरू नका, लोक हिरव्या वनस्पतींपासून शिकाऱ्यापर्यंत एवढंच काढतात आणि जाळ्याचा मोठा भाग बाहेरच राहतो.

मग कनेक्टन्स काढा, म्हणजे जाळं किती दाट जोडलंय ते: एकूण बाण भागिले प्रजातींच्या संख्येचा वर्ग. 20 प्रजाती आणि 60 बाण असतील तर 60 भागिले 400, म्हणजे 0.15. आता हा जास्त चांगला की कमी? ते तुम्ही काय विचारताय त्यावर आहे. शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी 1972 मध्ये गणिताने दाखवलं की बाण रँडम जोडले तर प्रजाती आणि बाण वाढतील तसं छोट्या धक्क्यातून सावरणं अवघड होत जातं. पण एकेक प्रजाती काढत गेलं तर जास्त कनेक्टन्सवालं जाळं सहसा उशिरा कोसळतं, कारण खाणाऱ्याकडे पर्याय असतात. शिवाय खरी जाळी रँडम नसतातच, थोडे बाण जाड (खूप खाल्लं जातं) आणि बाकी बरेचसे बारीक (थोडंच खाल्लं जातं), आणि हे बारीक बाणच चढउतार आवरून धरतात. म्हणून पोटातलं अन्न, विष्ठा, प्रत्यक्ष निरीक्षण, जे मिळेल त्यावरून बाण जाड-बारीक करून घ्या.

आता खोडरबर. एक ठिपका पुसा, ज्यांचं सगळंच अन्न गेलं ते पण पुसा, असं थांबेपर्यंत करा. एकदा सगळ्यात जास्त बाणवाल्यापासून सुरू करा, एकदा कुठूनही, फरक लगेच दिसतो.

पण यात वरून येणारा परिणाम सुटतो, म्हणून शिकारी वेगळा काढून बघा आणि विचारा की आता मोकाट कोण सुटेल. शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन 1960 च्या दशकात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर एका तुकड्यातून तारामासे काढत राहिले, तर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि 15 प्रजातींच्या 8 झाल्या. अन्न कोणाचंच संपलं नव्हतं, जागा संपली होती!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामांची यादी: शेवाळ कोण चरतं, मेलेलं कोण साफ करतं, आणि प्रत्येक कामापुढे किती नावं आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाच्या प्रवाळांचं जे झालं ते इथेच कळतं. शेवाळ चरणारे मासे जास्त मासेमारीने आधीच खूप कमी झालेले, ते काम मुख्यतः एका काळ्या काटेरी सी अर्चिनवर (समुद्रतळावरचा गोळ्यासारखा जीव) आलेलं, आणि तरी वरवर सगळं बरं दिसत होतं. 1980 मध्ये अॅलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले, पण नवे रुजायला लागले होते, कारण अर्चिन चरत होते. मग 1983 मध्ये रोग आला, अर्चिन जवळजवळ सगळे मेले, आणि शेवाळाने सगळं झाकून टाकलं. 1970 च्या दशकाच्या शेवटी 50 टक्क्यांहून जास्त असलेलं प्रवाळाचं आच्छादन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 5 टक्क्यांच्याही खाली गेलं. वादळ एकटं हे करू शकलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

तर ज्या कामापुढे एकच नाव आहे तिथे लाल खूण करा आणि त्याला काय मारू शकतं ते बाजूला लिहा, रोग, उष्णता, शिकार, काहीही. दोन नावं असतील तरी तपासा, दोघंही त्याच उष्णतेत मरणारे असतील तर ते एकच नाव धरायचं.