दमट हवेतली फिल्टर कॉफी

कोकणात घरची कॉफी बिघडते ती गॅसवर नाही, डब्यात. आमच्या वेंगुर्ल्यात जून लागला की मिठाला पाणी सुटतं, पापड हातात वाकतात, काडेपेटीची काडी ओढली की नुसता गुल पुसला जातो. अशा हवेत अर्धा किलोचा पुडा फोडून ठेवला तर थोड्याच दिवसांत वास उडतो आणि मागे कडू भुसा राहतो. मुलगा पुण्याहून कॉफीच्या यंत्रांचे फोटो पाठवत असतो. माझं त्याला एकच सांगणं असतं, बाबा, यंत्र राहू दे, ताजी पावडर पाठव. साधा स्टीलचा फिल्टर, म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला छिद्रं, एवढा घरात असला की काम भागतं.

पावडर घेताना पुड्यामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी असा नियम आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी घालूनही ते मिश्रण कायद्यात बसतं. चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ. तिने रंग चढतो, दाटपणा येतो, पैसेही वाचतात. पण ती हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे चिकोरी जितकी जास्त तितके पावडरीचे खडे लवकर होतात. उन्हाळ्यात ७०-३० चालून जाईल, पावसाळ्यात मात्र ८०-२० घ्या किंवा निव्वळ कॉफी. आमच्याकडून कोणी बेळगावला निघालं की मी शंभर-दोनशे ग्रॅमच मागवते, तीही ताजी दळलेली. स्वस्त पडते म्हणून किलोभर आणणाऱ्याला आमच्या घरात बोलणी बसतात.

आणल्यावर पुडा मूळच्या पिशवीतच राहू द्या. आतली हवा दाबून काढा, तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा गॅसच्या वरच्या फळीवर नको, भाताची वाफ थेट तिथेच जाते. चमचा हाताने पुसलेला नको, खरोखर कोरडा हवा. आणि फ्रीजमध्ये तर मुळीच नको. एक तर तिथे कालचं बांगड्याचं तिखलं असतं, आणि कॉफी वास ओढण्यात पटाईत. दुसरं म्हणजे थंड डबा आपल्या हवेत बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, रोज उघडताना तेच पाणी पावडरीत उतरतं.

यावर एखादा शहाणा विचारतोच, की मग ती ‘मान्सून्ड मलबार’ नावाची कॉफी पावसाच्याच हवेने कशी नावाजली? पूर्वी मलबारहून युरोपला निघालेल्या जहाजांत कॉफी महिनोन् महिने दमट हवा खायची, बिया फुगायच्या, आंबटपणा मरायचा, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढे प्रवास लवकर व्हायला लागला, तेव्हा मंगळूरच्या बाजूला गोदामांत बिया पसरून पावसाळी वारा मुद्दाम लावू लागले. पण त्या कच्च्या बिया, भाजायच्या आधीच्या. भाजून दळलेल्या पावडरीला तोच वारा लागला तर ती फुकट गेली.

आता पाणी. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं असतं, कॉफीला उत्तम. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्या दिवसांत पिण्याचं वेगळं पाणी वापरा, नाहीतर घोटाघोटाला मीठ लागेल. पावसात विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर पडते, तिचा वास कॉफीत सगळ्यात आधी कळतो. असं पाणी रात्री उघड्या पातेल्यात ठेवा आणि सकाळी झाकण न ठेवता चांगलं उकळा, बराचसा वास जातो.

दोन माणसांना पावडरीचे तीन शीगभर चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम, आणि पाऊण वाटी पाणी, १०० ते १२० मिली. वरचा डबा आणि त्याची छिद्रं कोरडी आहेत ना बघा. पावडर घालून डबा हलकेच आपटा म्हणजे ती सारखी बसेल, मग दांडीची चकती वर ठेवून बोटाने अलगद दाबा. अलगदच, ठासायची नाही. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचे पाणी चकतीवर गोल फिरवून ओता. पावडर फुगते, बारीक बुडबुडे येतात आणि घरभर वास सुटतो. बुडबुडे आलेच नाहीत तर पावडर जुनी आहे, पुढे कितीही काळजी घेतलीत तरी फरक पडायचा नाही. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी हळूहळू ओता, झाकण लावा आणि दुसऱ्या कामाला लागा.

डिकॉक्शन, म्हणजे खालच्या डब्यात जमणारा कॉफीचा दाट अर्क, उतरायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागावीत. धार लागून दोन-तीन मिनिटांतच सगळं खाली आलं तर दळण जाड आहे किंवा चकती नीट बसली नाही. थेंबच पडेना तर दळण फार बारीक, नाहीतर छिद्रं बुजली आहेत. रिकामा डबा चिमट्यात धरून त्याचा तळ क्षणभर गॅसच्या ज्योतीवर फिरवा, अडकलेली पावडर जळून झडते, मग गरम पाण्याने धुवा. घरी मिक्सरवर दळणार असाल तर थांबून थांबून फिरवा, आणि भांड्यात कालचा गरम मसाला नाही ना ते हुंगून बघा.

दूध म्हशीचं असेल तर फारच छान. घाटावरून येणारं पिशवीचं घेणार असाल तर सायीसकट तापवा. पेल्यात साखर, तिच्यावर डिकॉक्शन आणि त्याच्या तिप्पट कढत दूध. डिकॉक्शन दुधात घालून उकळायचं नाही, सगळा कडवटपणा वर येतो. उरलेलं डिकॉक्शन झाकून फ्रीजमध्ये ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी चालतं, पण तेही परत गॅसवर न चढवता दुधाच्याच उष्णतेने गरम करायचं.

जायफळाची कॉफी हा वेगळाच प्रकार, आणि ती मला प्रियच आहे. आमच्याकडे सुपारीच्या बागेत सावलीला जायफळाचं झाड असतंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाची जातही काढली आहे. त्या कॉफीला फिल्टर लागत नाही. दूध-साखर उकळा, साधी इन्स्टंट पावडर घाला, गॅस बंद केल्यावर सहाणेवर उगाळलेलं जायफळ चिमूटभर टाका आणि दोन मिनिटं झाका. जायफळ जास्त पडलं तर कडू लागते आणि वर पेंगही येते. फिल्टरच्या कॉफीत मात्र जायफळ घालू नका. घातलंतच, तर निदान मला येऊन सांगू नका.